पट्ट्यांची जुनी वाद्ये विद्यार्थ्यांच्या हाती द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगीतशिक्षण आणि नवे तंत्रज्ञान या विषयावर अलीकडे प्रसिद्ध झालेल्या लेखातील बहुतेक प्रतिपादन मला मान्य आहे. पुण्यात पियानो शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला डिजिटल वाद्यांचे उपकार नाकारता येणार नाहीत; दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, रात्री कानाला हेडफोन लावून सराव करणाऱ्या मुलामुलींना त्या वाद्यांवाचून पियानो शिकताच आला नसता. परंतु लेखाच्या अखेरीस असे विधान होते की हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य), जुने पियानो, ऑर्गन अशा वाद्यांचे आवाज आता एका बटणावर मिळत असल्याने ती वाद्ये राखण्याचा प्रश्न केवळ भावनेपुरता उरला आहे. हे विधान विद्यार्थ्यांच्या दृष्टीने नुकसानीचे आहे, आणि त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बटणावर मिळतो तो आवाज. विद्यार्थी वाद्याकडून शिकतो ते मात्र मुख्यतः बोटांच्या वाटेने, आणि हार्पसिकॉर्डच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसते. या वाद्याची पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची पातळ काडी वर उचलली जाते आणि तिला बसवलेली बारीकशी नखी तार छेडून पुढे जाते. ही नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या देठापासून करत असत, आता ती बहुधा प्लॅस्टिकची असते. पट्टी सोडल्यावर काडी खाली येते, नखी एका लवत्या तुकड्यावर बसवलेली असल्याने तारेला दुसऱ्यांदा न छेडता मागे सरकते, आणि काडीला लावलेला लोकरी कापडाचा तुकडा तारेवर टेकून तिला मुकी करतो. तार छेडली जाण्याच्या क्षणी बोटाला किंचित अडथळा लागतो आणि लगेच सुटतो. पट्टी जोराने दाबली काय किंवा हळुवार दाबली काय, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे वादकाच्या हाती लहानमोठा आवाज हे साधन उरतच नाही. स्वर नेमका कधी सुरू करायचा, किती वेळ धरायचा, पुढच्या स्वरावर क्षणभर रेंगाळू द्यायचा की आधीच सोडायचा, एवढ्यातूनच त्याला सगळे बोलावे लागते. डिजिटल कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचे बटण दाबले तरी बोटांखालच्या पट्ट्या पियानोच्याच वजनाच्या राहतात, तो अडथळा लागत नाही, आणि त्यामुळे या वाद्याने जे शिकवायचे ते शिकवलेच जात नाही.

परदेशी मंडळांच्या परीक्षांना बसणारी आपली मुले बाख आणि स्कार्लाती या अठराव्या शतकातील संगीतकारांच्या रचना अगदी सुरुवातीपासून वाजवतात. या रचनांमध्ये जोराच्या आणि हळू आवाजाच्या खुणा जवळजवळ नसतात, म्हणून शिक्षक त्या पेन्सिलीने लिहून देतात आणि विद्यार्थी त्या इमानाने पाळतात. पुढच्या शिक्षणासाठी युरोपात गेलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांनी तेथे प्रथमच हार्पसिकॉर्डला हात लावला, तेव्हा आपण पाठ केलेल्या त्या खुणांतील एकही या वाद्यावर उमटत नाही हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांना संपूर्ण रचना नव्याने ऐकावी लागली. बाख यांच्या १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे उदाहरण तर याहून ढळढळीत आहे. ही कृती एकावर एक अशा दोन पट्टी-ओळींच्या हार्पसिकॉर्डसाठी असल्याचे तिच्या मुखपृष्ठावरच छापलेले आहे. तिच्यातील काही भागांत दोन्ही हात एकाच सप्तकात एकमेकांवरून ये-जा करतात. दोन ओळी असल्या तर ते सहज जमते, पियानोच्या एकाच ओळीवर मात्र बोटे एकमेकांत अडकतात. विद्यार्थी वर्षानुवर्षे हा स्वतःच्या हातांचा दोष मानत राहतो. दोन ओळींच्या वाद्यासमोर अर्धा तास बसायला मिळाले, तर तो गैरसमज तिथल्या तिथे संपतो.

भारतीय संगीत ऐकत वाढलेल्या मुलाला याहून जवळचे वाटावे असे वाद्य म्हणजे क्लॅविकॉर्ड. त्यात पट्टीच्या टोकाला पितळेचे लहानसे पाते असते. ते तारेवर आदळते आणि बोट पट्टीवर आहे तोपर्यंत तारेला चिकटून राहते. आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत तो जेमतेम पोहोचतो. परंतु बोट आणि तार यांचा संबंध तुटत नसल्याने पट्टीवरचा दाब कमीजास्त करून स्वराला सूक्ष्म आंदोलन देता येते. पियानोवर एकदा हातोडी तारेवरून परतली की वादकाचा त्या स्वराशी संबंध, तो थांबवण्यापुरता सोडल्यास, संपलेला असतो. बाख यांचे चिरंजीव कार्ल फिलिप एमानुएल यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वादनविषयक ग्रंथात प्रत्येक वादकाकडे हार्पसिकॉर्ड आणि क्लॅविकॉर्ड ही दोन्ही वाद्ये असावीत असे सांगून, वादकाची खरी पारख क्लॅविकॉर्डवर होते असे मत मांडले होते. पट्ट्यांच्या वाद्यावर आंदोलन अशक्य, हे आपल्याकडे पेटीच्या संदर्भात नेहमी ऐकू येणारे वाक्य क्लॅविकॉर्ड पाहिलेल्या माणसाला सरसकट उच्चारता येणार नाही.

पियानोविषयीही असेच म्हणता येईल. आज आपण ज्याला पियानो म्हणतो, त्याची ओतीव लोखंडी चौकट आणि एकमेकींवरून तिरप्या ताणलेल्या तारा ही एकोणिसाव्या शतकातील भर आहे. मोझार्ट यांनी १७८२ च्या सुमारास व्हिएन्नात घेतलेला अँटोन वॉल्टर यांच्या कारखान्यातील पियानो आजही साल्झबुर्गमध्ये आहे. त्याला पाचच सप्तके आहेत, चौकट लाकडाची आहे, हातोड्या चिमुकल्या असून त्यांना चामडे लावलेले आहे, आणि पायाने दाबायच्या पेडलऐवजी गुडघ्याने वर ढकलायची दांडी आहे. अशा पियानोची पट्टी आजच्या पियानोच्या पट्टीपेक्षा जवळपास निम्मीच खाली जाते. स्वर चटकन उमटतो आणि चटकन विरतो. मोझार्ट यांच्या रचनांत दोन-दोन स्वरांच्या जोड्यांवर ज्या बारीक कमानी काढलेल्या दिसतात, त्या आजच्या जड पियानोवर कसरत वाटतात. जुन्या पियानोवर हात आपोआप तसाच पडतो. बेथोव्हेन यांच्या १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘मूनलाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोनाटाचा पहिला भाग तर आपल्याकडे प्रत्येक हौशी विद्यार्थ्याला वाजवायचा असतोच. त्या भागाच्या आरंभी तारा मुक्या करणाऱ्या गाद्या सबंध भागभर उचलून ठेवाव्यात अशी सूचना आहे. आजच्या पियानोवर ती तंतोतंत पाळली तर सगळ्या स्वरांचा चिखल होतो, म्हणून शिक्षक ती बाजूला ठेवायला सांगतात, मीही सांगते. परंतु ज्या पियानोंसाठी ती लिहिली गेली त्यांच्या तारांचा नाद लवकर ओसरत असे, आणि तेथे त्या सूचनेतून धुक्यासारखा एक पातळ थर तयार होतो. हे शब्दांत समजावून सांगता येते. पण सांगितलेले आणि स्वतःच्या हातांनी वाजवलेले यांत फरक राहतोच.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लांबवण्याची परवानगी घेते आहे, तो जुळवणीचा. पियानोचा विद्यार्थी स्वतःचे वाद्य कधीच जुळवत नाही; वर्षातून एकदा ट्यूनर येतो आणि डिजिटल वाद्याला तर त्याचीही गरज नसते. याउलट हार्पसिकॉर्ड वाजवणारा प्रत्येक जण, आपला गवई मैफलीपूर्वी तंबोरा लावतो त्याप्रमाणे, स्वतः किल्ली घेऊन तारा लावतो, आणि कोणत्या काळातील संगीत वाजवायचे आहे त्यानुसार स्वरांतरे कशी वाटायची हेही त्यालाच ठरवावे लागते. सोळाव्या आणि सतराव्या शतकात युरोपात जी जुळवणी सर्वत्र प्रचलित होती, तिच्या एका प्रमुख प्रकारात बारा स्वरांपैकी आठ स्वरांवर उभा राहणारा गंधार पूर्ण शुद्ध, म्हणजे ५:४ या प्रमाणात येतो. चांगल्या लावलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. आजच्या पियानोचा आणि पेटीचा गंधार त्यापेक्षा, एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी चढा असतो. आठ गंधार शुद्ध ठेवण्याची किंमत उरलेल्या चार ठिकाणी मोजावी लागे आणि तेथील स्वरमेळ ऐकवत नसत. म्हणून इटलीत काही हार्पसिकॉर्डांच्या काळ्या पट्ट्या मधोमध चिरून एकाच पट्टीच्या जागी दोन वेगवेगळे स्वर बसवले गेले. बाख यांच्या १७२२ मधील सर्व स्वरांवरील रचनांचा पहिला संग्रह सगळी स्वरांतरे सारखी करणाऱ्या आजच्या जुळवणीसाठीच होता, असे पाठ्यपुस्तकांतून ठोकून सांगितले जाते; तसे मानण्यास पुरेसा आधार नाही, हेही येथे नमूद करते.

या सर्व खटाटोपाचे महाराष्ट्राला नवल वाटू नये. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गेल्या शतकाच्या आरंभी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या साह्याने श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजमापे केली, आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली. ती पेटी मान्यता पावली नाही. परंतु पट्ट्या ठरावीक असताना गंधार खरा कसा ठेवायचा, हा देवलांना पडलेला प्रश्न आणि इटलीत पट्ट्या चिरणाऱ्या कारागिरांना पडलेला प्रश्न मुळात एकच होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेली आणि १९७१ मध्ये अंशतः शिथिल झालेली बंदी आठवली, तर हा वाद आपल्याकडे किती खोल गेला होता हे कळते. मला अनुभवाने असे सांगावेसे वाटते की ज्या मुलांनी लहानपणी थोडे गाणे शिकलेले असते, तंबोऱ्यापुढे बसण्याची ज्यांना सवय असते, त्यांना जुन्या जुळवणीतील गंधार ऐकवला की समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. युरोपातील विद्यार्थ्यांना जे कानाला वळण लावून मिळवावे लागते ते त्यांच्यापाशी आधीच असते. अशा विद्यार्थ्यांना ही वाद्ये न मिळणे ही म्हणूनच मोठी उणीव आहे.

तिकडे ही सोय कशी केली जाते, हे पाहण्याजोगे आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या ताब्यात १७६३ मध्ये संगीतासाठीच बांधलेले सेंट सिसिलियाज हॉल हे सभागृह असून जुन्या हार्पसिकॉर्डांचा आणि पियानोंचा मोठा संग्रह तेथेच ठेवलेला आहे. त्यांतील काही वाद्ये वाजती ठेवली आहेत, काही केवळ पाहण्यासाठी आहेत. वॉर्सातील शोपेन संस्थेने २०१८ मध्ये शोपेनकालीन पियानोंवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरवली, ती तोमाश रिटर या तरुण पोलिश वादकाने जिंकली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा झाली. जुनी वाद्ये वाजवून झिजतात, हा संग्रहपालांचा आक्षेप मी हलका समजत नाही. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्समध्ये केलेल्या पियानोंपैकी तीनच आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्क, रोम आणि लाइपत्सिग येथे. आणि न्यूयॉर्कमधील १७२० च्या पियानोची नाद देणारी फळी पुढे दुरुस्तीत बदलली गेल्याने मूळचा आवाज कसा होता हे त्या वाद्यावरून आता ठरवता येत नाही. अशी वाद्ये काचेआडच राहावीत. मात्र त्यांच्या बरहुकूम नवी वाद्ये करता येतात, आणि युरोप-अमेरिकेतील बहुतेक विद्यार्थी अशाच नव्या प्रतींवर शिकतात. न्यूयॉर्कच्या वोल्फगांग झुकरमान यांनी १९६० च्या सुमारास हार्पसिकॉर्डचे सुटे भाग खोक्यात भरून विकायला सुरुवात केली, तेव्हा हजारो हौशी लोकांनी ते घरी जोडले. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागिरांना लाकूड, तार आणि घोडी यांविषयी जे ठाऊक आहे त्याच्या बळावर एखादे साधे क्लॅविकॉर्ड घडवणे अवघड जाऊ नये. एखाद्या संगीत महाविद्यालयाने त्यांना नकाशे आणून देऊन पहिली मागणी नोंदवण्याचीच काय ती खोटी आहे.

तथापि हार्पसिकॉर्ड येण्याची वाट पाहत बसावे असे मला मुळीच म्हणायचे नाही, कारण पट्ट्यांचे एक ऐतिहासिक वाद्य आपल्या घरात पडून आहे. (पट्ट्यांच्या वाद्याचे अप्रूप आपल्याला फार जुने आहे. अकबराने गोव्याला पाठवलेला हाजी हबीबुल्ला परतताना एक ऑर्गन घेऊन आला, आणि त्याचे वर्णन इतिहासकार बदायुनीने माणसाएवढी मोठी पेटी असे करून ठेवले आहे.) पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेला हार्मोनियम पायाने भाता हलवण्याचा होता. तीच आपली पायपेटी. मांडीशी घेऊन एका हाताने भाता मारायची हातपेटी ही पुढे हिंदुस्थानात झालेली सुधारणा आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा जो पाया घातला, त्यावर पुढे पायपेटीने आणि गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनने आपली जागा पक्की केली. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः थोर पेटीवादक होते, आणि पुढील काळात गोविंदराव पटवर्धनांच्या ऑर्गनने नाट्यगीताच्या साथीला जी उंची दिली, ती ध्वनिमुद्रणांतून आजही ऐकता येते.

रंगभूमीवरील हा ऑर्गन बहुधा अमेरिकी पद्धतीचा असे. पायपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. या ऑर्गनमध्ये तो हवा आत ओढून घेतो आणि त्यामुळे सुरांचा, म्हणजे हवेने कंप पावणाऱ्या पितळी जिभांचा, आवाज अधिक गोल, कमी टोचणारा होतो. दोन्ही पाय भात्यावर चालत असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. उजवा हात गायकाच्या मागे जात असताना डावा हात खालचा षड्ज-पंचम भरून ठेवू शकतो. गुडघ्यांनी ढकलायच्या दोन दांड्या असतात, एकीने सगळे स्टॉप (वेगवेगळ्या आवाजांचे ओढायचे खटके) एकदम उघडतात आणि दुसरीने आवाज चढतो-उतरतो. मोझार्टच्या पियानोतील गुडघ्याची दांडी चित्रात पाहून चकित होणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच गावातील नाट्यमंदिराच्या अडगळीत तशीच दांडी सापडेल. मानवी आवाज असे नाव असलेला एक स्टॉप ओढला की आतील पुठ्ठ्याचे पंखे हवेने फिरू लागतात आणि स्वराला कंप येतो. विद्युत्प्रवाहाची कोठेही गरज नाही, आणि श्वासासारखी हवा पायांनी सांभाळावी लागत असल्याने गाण्याचा दम कोठे घेतला जातो हे वादकाला शरीरानेच शिकावे लागते. हे शिक्षण हातपेटी आणि डिजिटल कीबोर्ड या दोहोंतूनही मिळत नाही.

या ऑर्गनांची आजची अवस्था मात्र वाईट आहे. भात्याचे रबरी कापड चिरते, चामड्याच्या झडपा कडक होतात, लोकर कसर खाते आणि लाकूड वाळवी. परंतु वाद्याचा प्राण असलेले पितळी सूर बहुतेक वेळा शाबूत असतात. सुराचे टोक किंचित खरवडले तर तो चढतो, बुडाशी खरवडले तर उतरतो; हे काम पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना उत्तम येते. अलीकडे कोकणात ऑर्गन नव्याने घडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत, तेव्हा सुटे भाग मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. एका नाट्यसंस्थेकडे मी विद्यार्थ्यांना ऑर्गन दाखवण्याची परवानगी मागितली असता, वाद्य मौल्यवान असल्याने कोणी हात लावू नये असे मला सांगण्यात आले. त्या मौल्यवान वाद्यावर त्या वेळी रंगाचे डबे रचलेले होते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी राज्य संगीत नाट्य स्पर्धा घेते. त्या स्पर्धेत पंचवीस वर्षांखालील ऑर्गनवादकासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले, आणि ज्या केंद्रावर वाजता ऑर्गन असेल तेथे तो स्पर्धक संस्थांना आणि स्थानिक संगीत विद्यार्थ्यांना तालमीच्या दिवसांत खुला ठेवला, तर दुरुस्तीचा खर्च करण्यास संस्थांना कारण मिळेल. दुसरी विनंती आपल्या दैनिकालाच आहे. कोणत्या नाट्यगृहात, शाळेत, देवस्थानात, चर्चमध्ये किंवा वाड्यात पायपेटी अथवा ऑर्गन आहे, त्याचा भाता चालतो की नाही, आणि तो विद्यार्थ्यांना हाताळू देण्यास मालकाची तयारी आहे काय, एवढीच माहिती आपल्या जिल्हा वार्ताहरांनी गोळा करून प्रसिद्ध केली, तर शिक्षकांना आपापल्या विद्यार्थ्यांना कोठे न्यायचे हे कळेल. पुणे शहर आणि परिसरापुरते हे काम करण्यास माझी आणि माझ्या काही सहकारी शिक्षकांची तयारी आहे. वार्ताहरांसाठी एक छोटी प्रश्नावली आम्ही करून देऊ शकू.

आपली विश्वासू,
एक पियानो-शिक्षिका, पुणे